वहीतलं मिग

परवा दुपारी दुकानात एक पोरगा आला. अठरा-एकोणीसचा असेल. चार्जरची वायर घेतली, पैसे स्कॅन करून दिले आणि जाता जाता म्हणाला, "काका, ते पैशेवाले गेम पुन्हा चालू होऊन राहिले का?"

म्हटलं, "नाही बे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला ना. पैसे लावून ऑनलाईन खेळणं बंद."

"तुमच्या टाइमले बरं होतं काका. असलं लफडंच नव्हतं."

मी गल्ला आवरायला लागलो. काय सांगणार त्याला? माझ्या टाइमले होतं, आणि नागपूरच्या सक्करदऱ्यात ते माझ्याच काउंटरवरून मिळत होतं.

दुकान मी २००७ मध्ये टाकलं. आठ बाय सहाची जागा, अर्धं शटर उघडलं तरी पुरायचं. सिमकार्ड, रिचार्ज, कव्हर, बॅटऱ्या. शंभराच्या रिचार्जवर अडीच-तीन रुपये सुटायचे, त्यातून जागेचं भाडं आणि उन्हाळ्यात कूलरचं पाणी. मे महिन्यात दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही आपल्याकडं, तेव्हा नंदनवनकडच्या इंजिनिअरिंगची पोरं माझ्या कूलरसमोर येऊन बसायची. घेणंदेणं काही नाही, फक्त हवा खायची. २००८ च्या उन्हाळ्यात त्यातल्या एकाच्या नोकिया ३११० क्लासिकवर मी पहिल्यांदा मिग३३ पाहिलं.

आताच्या पोरांना दाखवलं तर हसतील. इवलासा स्क्रीन, त्यावर मुंगीएवढी अक्षरं भराभर वर सरकतायत. फोटो नाही, व्हिडिओ नाही. एक खोली, म्हणजे चॅटरूम, आणि त्यात वीस-पंचवीस नावं. कुणी ढाक्याचा, कुणी काठमांडूचा, कुणी जकार्ताची, कुणी कतारला इमारतीवर काम करणारा नेपाळी. एक कमांड टाइप केली की स्क्रीनवर ओळ उमटायची, अमक्यानं तमक्याला मिठी मारली. दुसरी टाइप केली की कानाखाली वाजवली. कुणी फार त्रास द्यायला लागला तर बाकीचे मतदान करून त्याला रूमबाहेर काढायचे. आमच्या वॉर्डात एवढी लोकशाही मी अजून पाहिलेली नाही.

"हे इंटरनेट आहे का?" मी विचारलं.

"हाव भाऊ. जीपीआरएस. सेटिंग मागवा, जावाचं ॲप टाका, झालं."

रात्री शटर पाडलं आणि घरी न जाता आतच बसून टाकलं. नऊ बटणांवर इंग्रजी अक्षरांत मराठी-हिंदी बडवायची सवय आठवड्यात लागली. महिन्याभरात मला इंडोनेशियन भाषेतलं 'अपा काबार' म्हणजे कसं काय आणि 'तेरिमा कासिह' म्हणजे आभार, हे यायला लागलं. बुटीबोरीच्या पलीकडं फारसा न गेलेला माणूस मी, इंडोनेशियातल्या एका शाळामास्तरशी रोज रात्री पावसावर गप्पा मारायचो.

कंपनीबद्दल तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं. पोरं म्हणायची अमेरिकेची, कुणी म्हणे सिंगापूरची. दोन्ही बरोबर निघालं. मिग३३ सुरू झालं २००५ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहरातून. स्टीव्हन गो आणि मेई लिन एनजी या दोघांनी काढलं. गो यांचा आधीचा धंदा शेअर ब्रोकिंगचा, ऑनलाईन. कागदोपत्री कंपनीचं नाव प्रोजेक्ट गॉथ. पुढं कॅलिफोर्नियात बर्लिंगेमला ऑफिस टाकलं, २००७ मध्ये ॲक्सेल आणि रेडपॉइंटसारख्या गुंतवणूकदारांकडून एक कोटी डॉलर उभे केले, २००८ च्या सुरुवातीला आणखी एक कोटी पस्तीस लाख. नंतर मुक्काम हलवला सिंगापूरला, कारण गिऱ्हाईक सगळं इकडंच होतं. अमेरिकेतल्या पोरांना याची गरजच नव्हती. त्यांच्या घरी कॉम्प्युटर होता. आमच्या पोरांच्या आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर म्हणजे हाच नोकिया.

सुरुवातीला हे लोक स्वस्त परदेशी कॉल विकत होते. याहू, एमएसएनचे मित्रही त्याच ॲपमध्ये दिसायचे. पण कॉलचा धंदा म्हणजे पोकळ बांबू. मिनिटामागं जे मिळणार त्यातला मोठा वाटा त्या त्या देशातल्या टेलिफोन कंपनीला द्यायचा. आणि गंमत अशी की लोक कॉलसाठी यायचे आणि रूममध्येच ठाण मांडून बसायचे. मग कंपनीनं ओळखलं, की विकायचं ते रूममध्ये विकायचं. गुलाब, केक, टेडी, हार. चिमुकलं चित्र, पुढं एक ओळ, की अमक्यानं तमकीला गुलाब दिला. एक गुलाब विकला काय आणि लाख विकले काय, कंपनीचा खर्च तेवढाच. आमच्या सीताबर्डीच्या फुलवाल्याला हे गणित सांगितलं तर झोप लागायची नाही त्याला.

ही काही त्यांची एकट्याची अक्कल नव्हती. चीनमध्ये टेन्सेंट कंपनीनं आपल्या क्यूक्यू नावाच्या चॅटवर लोकांच्या चित्रातल्या बाहुल्यांचे कपडे विकायला २००३ मध्येच सुरुवात केली होती. जपानात ग्री आणि डीएनए या दोन कंपन्यांनी साध्या फोनवर फुकट खेळ देऊन त्यातल्या वस्तू विकल्या आणि बक्कळ कमावलं. ग्रीचा मासे पकडायचा खेळ २००७ चा. पुढच्याच वर्षी कंपनी टोकियोच्या शेअर बाजारात. पण जपान्यांचं एक बरं होतं. पोरानं गळ विकत घेतला की पैसे महिन्याच्या फोनबिलात लागून येत. आमच्याकडं कुणाला बिल येत होतं? सगळं प्रीपेड. क्रेडिट कार्ड आमच्या गल्लीत कुणाकडंच नव्हतं. तीच गत जकार्तात, तीच ढाक्यात. म्हणजे गुलाब तयार, घेणारा तयार, आणि मधे पैसे न्यायला रस्ता नाही.

रस्ता त्यांनी आमच्यातून काढला.

पद्धत अशी. कंपनीनं माणसं नेमली, त्यांना मर्चंट म्हणत. मर्चंटनं घाऊकमध्ये क्रेडिट, म्हणजे ॲपमध्ये चालणारे पैसे, घ्यायचं, खाली किरकोळ विकायचं. एका आयडीवरून दुसऱ्या आयडीवर क्रेडिट पाठवता यायचं, त्यामुळं दुकान, माल, गोदाम काही नको. रूममध्ये मर्चंटचं नाव जांभळ्या रंगात दिसायचं. त्या जांभळ्याचा रुबाब काय सांगू! मर्चंट रूममध्ये आला की पोरी-पोरं सगळे 'वेलकम सर'. इंडोनेशियात तर यावर घरं चालली म्हणतात. आपल्याकडं तेवढं नव्हतं, पण होतं.

माझं नाव कधी जांभळं झालं नाही. मी खालचा. वरचा मर्चंट इंदूरचा, त्याला मी आयुष्यात पाहिलं नाही. बँकेत त्याच्या खात्यात रोख भरायची, पावतीवरचा नंबर चॅटमध्ये टाकायचा, पाच मिनिटांत क्रेडिट माझ्या आयडीवर. हजार भरले की साडेअकराशेचा माल मिळायचा. म्हणजे हजारावर दीडशे. रिचार्जवर हजाराला पंचवीस-तीस. आता सांगा, कुठला दुकानदार सोडेल?

बँकेची रांग आठवते. पहिल्यांदा स्लिप भरताना मागच्या काकांनी विचारलं, कशाचे पैसे भरून राहिले? म्हटलं, फुलांचे. ते म्हणाले, इंदूरवरून फुलं? मी मान हलवली.

दुपारी मी जेवायला जायचो तेव्हा काउंटरवर आई बसायची. आईला रिचार्ज यायचं. नंबर लिहून घेणं, वहीत मांडणं, सगळं चोख. पण हे क्रेडिट तिच्या डोक्यात बसेना. "कोणाच्या घरी जाऊन राहिलं हे गुलाब?" तिनं विचारलं. म्हटलं, कोणाच्याच नाही, मोबाईलमध्ये दिसते. "अन् मग?" मग काही नाही. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी मातीला भाव सांगतोय. पण धंदा आहे म्हटल्यावर वही तिनं नीट ठेवली. पोरगं येऊन आयडी सांगायचं, ती देवनागरीत लिहायची. प्रिन्स आडवी रेघ नागपूर. कूल टिंब बॉय सात. स्वीट पॉयझन, त्याच्यापुढं कंसात 'मुलगा आहे'. मी जेवून आलो की वही बघून क्रेडिट पाठवायचो. एकदा आडवी रेघ राहिली आणि दोनशेचं क्रेडिट गेलं भलत्याच्याच आयडीवर. तो बहुधा कराचीचा होता. 'थँक यू ब्रो' म्हणाला आणि निघून गेला. चूक माझी, मीच तपासलं नाही. आईला सांगितलंही नाही.

नागपूरची आमची एक रूम होती. पोरांनीच काढली होती. रात्री साडेदहानंतर भरायची. कुणी एखाद्या पोरीला गुलाब दिला की दुसरा लगेच केक द्यायचा. तिसरा चिडून अख्ख्या रूमला वाटायचा, सगळ्यांना एकेक. स्क्रीनभर त्याचंच नाव. त्या पाच सेकंदांसाठी पोरं दुसऱ्या दिवशी तर्री-पोह्यांचे पैसे वाचवून माझ्याकडं यायची. वर लेव्हल असायची. जितकं खर्चाल, वाटाल, बोलाल तितकी चढायची. बारावीत दोनदा बसलेला आमचा एक गिऱ्हाईक तिथं एवढ्या वरच्या लेव्हलला होता की बाहेरदेशचे लोक त्याला सल्ला विचारत.

आणि मग लो कार्ड.

रूममध्ये बॉट यायचा, म्हणजे आपोआप खेळ चालवणारा आयडी. उद्गारचिन्ह आणि स्टार्ट टाइप केलं की डाव सुरू. उद्गारचिन्ह जे म्हणजे मी खेळतो. क्रेडिट कापलं जायचं. मग उद्गारचिन्ह डी, की पत्ता निघायचा. सगळ्यांत लहान पत्ता ज्याचा तो बाद. पुन्हा पत्ते, पुन्हा एक बाद. शेवटी उरेल त्याला जमलेलं सगळं, थोडा वाटा कापून. अक्कल शून्य लागते याला. आपला तीनपत्ती तरी बरा, त्यात समोरच्याचं तोंड दिसतं. इथं नुसतं बटण दाबायचं आणि बघत राहायचं. दुरी आली की रूममध्ये सगळे हसायचे, आणि आपणही हसत पुन्हा जे दाबायचं.

माझी विक्री तिपटीनं वाढली ती गुलाबामुळं नाही, या पत्त्यांमुळं. कंपनीच्या वाढीबद्दल जे लेख मी नंतर वाचले त्यात 'सोशल', 'कम्युनिटी', 'गिफ्टिंग' असे शब्द होते. काउंटरच्या अलीकडून मला जे दिसत होतं ते वेगळं. पहिल्यांदा येणारा पोरगा गुलाबासाठी यायचा. आठवड्यातून तिसऱ्यांदा येणारा कशासाठी आला ते विचारायची गरज नसायची, त्याचे डोळे सांगायचे. जपानात हेच थोडं वेगळ्या रीतीनं झालं. तिथल्या खेळांत आंधळेपणानं चित्रं विकत घ्यायची, ठरावीक संच पूर्ण झाला की दुर्मीळ बक्षीस. पोरांनी त्यात एवढे पैसे घातले की २०१२ च्या मे महिन्यात सरकारनं ती पद्धत बेकायदा ठरवली, आणि ग्री, डीएनए दोघांचे शेअर धाडकन पडले. आमच्याकडं तेव्हा हे कुणाच्या गावीही नव्हतं. पोलिसांना सांगायला गेलं असतं तरी काय सांगणार, की एका बॉटनं दुरी काढली?

माझं सांगतो. २०१० चा पोळा. दुसऱ्या दिवशी मारबत, इतवारीत काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघायची, शहरभर सुट्टीचा मूड. आदल्या दिवशीच मी इंदूरला पाच हजार भरले होते, सणाचा माल म्हणून. रात्री अकराला म्हटलं एकच डाव. पहाटे साडेतीनला माझ्या आयडीवर सहाशेचं क्रेडिट उरलं होतं. इडा-पिडा घेऊन जा गे मारबत म्हणत सकाळी सगळे रस्त्यावर आणि मी शटरच्या आत, फोन चार्जिंगला लावून, हिशोब करतोय की आता खालच्यांना काय विकू. वर्षभर पोरांना सांगत होतो, बेटाहो, खेळा पण बेतानं.

आईला कळलं. वहीच्या हिशोबावरून कळलं, कुणी सांगावं लागलं नाही. काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर तिनं माझाही आयडी लिहिला आणि त्याच्यापुढं आकडा टाकला. दुकानाचा उधार.

त्यानंतर मी खेळलो नाही. विकणं मात्र चालू ठेवलं. यावर मला स्वतःचं काही फार चांगलं वाटत नाही, पण खोटं कशाला लिहू? अजून दोन वर्षं तरी विकलं.

उतार लागला तो हळूच. २०११ मध्ये फेसबुकनं साध्या फोनसाठीही ॲप आणलं. पोरांना तिथं खरी नावं, खरे फोटो, खऱ्या पोरी, आणि सगळं फुकट. मग व्हॉट्सॲप आलं. प्रिन्स आडवी रेघ नागपूर एक दिवस आपल्या खऱ्या नावानं फेसबुकवर दिसला, मिशा होत्या त्याला. पाच-सहा महिन्यांत रूममध्ये आम्ही चौघं उरलो. जकार्ताचे मास्तर अजून असायचे. मग मीही जाईनासा झालो.

कंपनी मात्र नंतरही धडपडत होती, हे मला कितीतरी उशिरा कळलं. नाव बदलून मिगमी केलं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात उतरली, तीही सरळ दारानं नाही. लॅटिन गोल्ड नावाची, सोन्याच्या खाणी शोधणारी एक आधीच नोंदलेली कंपनी होती. तिच्या कातड्यात शिरून. हे वाचून मी एकटाच दुकानात हसलो. इतवारीच्या सराफ्यात कुणी असं केलं असतं, म्हणजे पाटी सोन्याची आणि आत विकायला न दिसणारे गुलाब, तर पहिल्या दिवशीच लोकांनी दगड मारले असते. फॉक्सकॉनच्या घरातल्या एफआयएच मोबाईलनं त्यात मोठा हिस्सा घेतला. म्हणजे फोन बनवणाऱ्यांनाही वाटलं की यात दम आहे. हाँगकाँगचं कलाकारांचं एक संकेतस्थळ विकत घेतलं, जोडप्यांसाठीचं लव्हबाइट घेतलं, इंडोनेशियातलं कपड्यांचं ऑनलाईन दुकान शॉपडेका घेतलं. माझ्यासारख्याला बाहेरून बघताना असं वाटलं की, घरातला मूळ धंदा बसल्यावर माणूस एक दिवस झेरॉक्स मशीन आणतो, एक दिवस ज्यूस सेंटर टाकतो, तसं हे. शेवटी शेअरचे व्यवहार थांबले, आणि ॲपही गेलं.

मला वाटतं त्यांचं चुकलं असं काही नाही. त्यांचा खरा माल काय होता? ज्या देशांत पैसे पोहोचवायला रस्ता नव्हता तिथं त्यांनी माणसांची साखळी उभी केली. जकार्तातला मर्चंट, इंदूरचा, मी, माझी आई, आईची वही. उधारी आमची, ओळख आमची, जोखीम आमची. रस्ता झाल्यावर साखळीचं काम संपलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि माझा रिचार्जचा गल्लाही तसाच आटला, तेव्हा ते मला नीट समजलं. आता मी फॉर्म भरतो, आधार-पॅनची कामं करतो, वायरी विकतो. बरं चाललंय.

आई गेली त्याला तीन वर्षं झाली. त्या पोरानं विचारलं त्या रात्री मी माळ्यावरून वही काढली. उदईनं खालचा कोपरा खाल्लाय, बाकी शाबूत आहे. माझ्यापुढचा आकडा तिनं खोडलेला आहे, कधी खोडला ठाऊक नाही. मी ते पैसे भरल्याचं मला तरी आठवत नाही. बाकी सगळे आयडी, एकाचंही खरं नाव नाही, त्यामुळं कोणाकडं मागायलाही जाता येत नाही. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तिच्या अक्षरात एकच ओळ आहे. आयडी विचारायचा राहिला असावा.

'उंच पोरगा, हिरवा शर्ट, १५०. उद्या देतो म्हणाला.'